यूव्हीचा दिवा आणि घरची माशांची टाकी: वाचकांचे प्रश्न

गणपती संपले की ऊन तिरकं होतं आणि दक्षिणेच्या, पश्चिमेच्या खिडक्यांतून थेट खोलीत शिरतं. हिरव्या पाण्याच्या तक्रारीही तेव्हाच सुरू होतात. या वेळच्या पत्रांत यूव्ही स्टरिलायझरबद्दल, म्हणजे अतिनील प्रकाशाने टाकीच्या पाण्यातलं शेवाळ आणि जंतू मारणाऱ्या दिव्याबद्दल, इतकं विचारलं आहे की हा संपूर्ण भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न : तीन फुटी टाकी आहे, ३६ बाय १५ बाय १८ इंच. चार गोल्डफिश. टाकीवर दुपारचं ऊन येतं. पाणी इतकं हिरवं झालंय की मागचा मासा दिसत नाही. दोनदा अर्धं पाणी बदललं, चार दिवसांत पुन्हा तेच. दुकानदार ९ वॅटचा यूव्ही लावा म्हणतो. लावू का? (वाचक, कांदिवली)

लावा, पण आधी ते हिरवं नेमकं काय आहे ते बघून घ्या. काचेचा स्वच्छ ग्लास टाकीतल्या पाण्याने भरा आणि पांढऱ्या कागदासमोर रात्रभर ठेवा. सकाळीही रंग ग्लासभर सारखाच पसरलेला असेल, तर ते तरंगतं शेवाळ आहे. त्याची एकेक पेशी इतकी बारीक असते की स्पंजमधून सहज निसटते, म्हणून फिल्टर कितीही धुतला तरी पाणी हिरवंच राहतं. उलट ग्लासच्या तळाशी गाळ बसून वरचं पाणी निवळलं, तर तो नुसता कचरा आहे. त्याला यूव्ही नको, चांगला फ्लॉस (फिल्टरमधला कापसासारखा गाळणीचा थर) हवा. काचेला आणि दगडांना चिकटलेलं शेवाळही यूव्हीने जात नाही, ते खरवडूनच काढायचं.

यूव्ही फक्त तरंगत आपल्यापुढे आलेल्या गोष्टीलाच मारतो, ही एक गोष्ट पक्की धरली की या पानावरची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात. दिव्यातून २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी प्रकाश निघतो. तो पेशीचा डीएनए असा बिघडवतो की पेशीला पुन्हा विभागता येत नाही. पेशी जळत नाही, गाळली जात नाही. ती मेल्यावरही पाण्यातच असते.

अर्धं पाणी बदलूनही हिरवा रंग परत का येतो, तेही यातच आलं. पाणी अर्धं केलं की पेशी निम्म्या होतात, पण उरलेल्या पेशी चांगल्या उन्हात एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. यूव्ही मात्र चोवीस तास मारत राहतो.

तुमच्या टाकीचा हिशेब असा. इंचांतली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून ६१ ने भागा, लिटर मिळतात. ९७२० भागिले ६१, म्हणजे १५९. वरची रिकामी जागा आणि खालची वाळू सोडली तर पाणी साधारण १३५ लिटर. एवढ्याला ९ वॅट पुरतो. साध्या घडणीच्या ९ वॅटच्या युनिटमधून हिरव्या पाण्यासाठी ताशी ४०० ते ६०० लिटर जाऊ द्या.

यूव्ही नेहमी फिल्टरच्या पुढे, म्हणजे गाळलेलं पाणी दिव्याकडे जाईल असा बसवा. गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही आणि दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी लवकर माखते. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपात जोडा. काठावर टांगलेला हँग-ऑन किंवा वर ठेवलेला टॉप फिल्टर असेल तर ताशी ४०० लिटरचा छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडणारा पंप) वेगळा घ्या, त्याच्या तोंडाला स्पंज लावा आणि त्यातून यूव्ही चालवा. युनिट उभं असेल तर पाणी खालून आत आणि वरून बाहेर आलं पाहिजे. उलटं जोडलं तर वरच्या बाजूला हवा अडकते आणि दिव्याचा तेवढा भाग फुकट जातो.

चालू केल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी फरक दिसतो. धोक्याचे दिवसही हेच. मेलेलं शेवाळ कुजतं, त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि अमोनिया सुटतो. हिरव्या पाण्यात दुपारनंतर पीएच चढलेला असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया माशांना जास्त बाधतो. म्हणून या आठवड्यात एअर पंप रात्रभर चालू ठेवा, खाणं निम्मं करा, फ्लॉस रोज धुवा किंवा बदला. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी एक चतुर्थांश पाणी बदला. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर वाट न बघता लगेच पाणी बदला.

आणि उन्हाचं काही तरी कराच. टाकीच्या मागच्या बाजूला काळा कागद, खिडकीला जाड पडदा, टाकीचा स्वतःचा दिवा सहा-सात तासांपुरता. नाही तर यूव्ही ज्या दिवशी बंद कराल, त्याच्या पुढच्या आठवड्यात हे पत्र पुन्हा लिहावं लागेल.

प्रश्न : ९ वॅटचा यूव्ही ताशी २००० लिटरच्या पंपाला जोडला आहे. जितकं जास्त पाणी जाईल तितकं चांगलं असं वाटलं होतं. दोन आठवडे झाले, पाणी तसंच. (वाचक, मुलुंड)

पाणी फार वेगाने जातंय. जंतूला मिळणारा मारा दोन गोष्टींवर ठरतो : दिवा किती प्रखर आणि पाणी त्याच्यासमोर किती वेळ. पाण्याचा वेग दुप्पट केला की वेळ निम्मा होतो. तुमच्या युनिटमध्ये पेशी इतक्या झपाट्याने निघून जातात की त्यांना पुरेसा मारा बसतच नाही.

खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो पंप मोकळा चालवून काढलेला असतो. पाइपची उंची, वळणं आणि भरलेला स्पंज यांत प्रवाह बराच उतरतो. परतीचा पाइप १० लिटरच्या बादलीत सोडा, तोही टाकीच्या काठाएवढ्या उंचीवर धरून, आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ३६००० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. ९० सेकंद लागले तर ४००, ३० सेकंद लागले तर १२००.

पंप बदलायची गरज नाही. यूव्हीच्या आधी पाइपात एक टी बसवा, एक फाटा यूव्हीकडे आणि दुसरा थेट टाकीत, दोन्हींवर कॉक. यूव्हीच्या फाट्याचा कॉक आवळत आवळत बादलीच्या मोजणीने ५०० वर आणा. फिल्टरला हवा तेवढा जोर मिळतो आणि यूव्हीला हवा तेवढा वेळ.

मात्र पाणी अगदी ठिबकवूही नका. दिव्यापुढून गेलेलं पाणी टाकीतल्या पाण्यातच मिसळतं, त्यामुळे टाकीएवढं पाणी एकदा फिरवलं तरी सगळं पाणी दिव्याखालून गेलेलं नसतं. सुमारे ६३ टक्केच गेलेलं असतं, बाकीचं हुकतं. तीन टाक्यांएवढं फिरवाल तेव्हा ९५ टक्क्यांपर्यंत पोचाल. तासाला निदान टाकीएवढं पाणी तरी युनिटमधून जायला हवं.

प्रश्न : काळ्या मोलीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले आहेत. यूव्ही लावला तर जातील ना? औषध टाळायचं आहे. (वाचक, गिरगाव)

अंगावरचे ठिपके यूव्हीने जाणार नाहीत. हा इच नावाचा परजीवी आहे आणि ठिपक्याच्या अवस्थेत तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो. तिथे प्रकाश पोचत नाही. पोसला की तो सुटून वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. तिथेही प्रकाश पोचत नाही. ती पिल्लं फुटून मासा शोधत पोहतात, फक्त तेवढा एक-दोन दिवसांचा काळ ती यूव्हीच्या हाती लागू शकतात. पण छोट्या टाकीत मासा यूव्हीच्या तोंडापेक्षा जवळ असतो. शिवाय या परजीवीला शेवाळापेक्षा बराच जास्त मारा लागतो, म्हणजे ९ वॅटला ताशी १५० ते २५० लिटरच.

त्यामुळे रोगाचा जोर कमी करायला यूव्ही ठीक, बरा करायला नाही. औषध नको असेल तर मीठ आणि उष्णता वापरा. मोलीला मीठ मानवतं. खडेमीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १०० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. त्याचे तीन भाग करा. एकेक भाग तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून बारा-बारा तासांनी टाका. खडे थेट टाकीत टाकू नका, माशाच्या अंगाला लागले तर भाजतं. हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० अंशांवर न्या. उन्हाळ्यात मुंबईत पाणी बहुधा तिथेच असतं, हीटर लागणारही नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून हवेचा दगड (एअर पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा) वाढवा. एक दिवसाआड वाळूतला गाळ सायफनने ओढून घ्या, कवचातले परजीवी त्याच्याबरोबर जातात. जेवढं पाणी काढाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घाला.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी एक आठवडा हे चालू ठेवा. बहुतेक टाक्यांत रोग उलटतो तो इथेच, ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळं थांबवल्यामुळे. टाकीत कोरीडोरास किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ लिटरला १ ग्रॅमपेक्षा पुढे नेऊ नका. वनस्पती असतील तर सगळे मासे वेगळ्या टाकीत घ्या, पण मोठी टाकीही आठवडाभर माशांविना राहू द्या.

प्रश्न : यूव्हीने फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात का? आणि माझी टाकी वनस्पतींची आहे, खत घालते. (वाचक, विलेपार्ले)

नाही मरत. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्जवर, स्पंजवर, वाळूवर चिकटून राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. नव्या टाकीत बाटलीतले जिवाणू ओतले असतील तर मात्र दोन दिवस यूव्ही बंद ठेवा, ते बसेपर्यंत तरंगतच असतात.

खताकडे लक्ष द्या. द्रवरूप लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून त्याला ईडीटीएसारखा वाहक जोडलेला असतो. यूव्हीमुळे ती जोडणी तुटते, लोह तपकिरी गाळ होऊन खाली बसतं आणि नवी पानं पिवळी पडतात. वनस्पतींच्या टाकीत यूव्ही कायम चालवायची गरजच नसते. पाणी हिरवं झालं तर आठवडाभर चालवा, मग बंद. खत घातल्यावर चोवीस तास बंद ठेवा.

मेथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीन घालाल तेव्हाही बंदच. रंगीत पाण्यात यूव्ही अडतो आणि औषधही फुटून कमजोर होतं. बदामाची पानं घातलेल्या तांबूस पाण्यातही त्याचा जोर उतरतो. पिल्लांच्या खाण्यासाठी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा हिरवं पाणी वाढवत असाल, तर त्या टाकीजवळ यूव्ही नकोच.

प्रश्न : दोन वर्षं यूव्ही उत्तम चालला. दिवा आजही निळा पेटतो, पण पाणी पुन्हा हिरवट. युनिट बिघडलं का? (वाचक, चेंबूर)

युनिट ठीक असेल, दिवा संपला आहे. डोळ्यांना दिसतो तो निळा उजेड म्हणजे यूव्ही-सी नव्हे. यूव्ही-सी दिसतच नाही. काचेच्या आतून बसत जाणारा पारा आणि वापर यांमुळे यूव्ही-सी हळूहळू उतरत जातो, निळा उजेड मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. या दिव्यांचं उपयोगी आयुष्य आठ-नऊ हजार तास. चोवीस तास चालवला तर वर्षात ८७६० तास होतात, म्हणजे दिवा वर्षाला बदलायचाच. नवा बसवताना युनिटवर तारखेची चिट्ठी चिकटवा.

नवा दिवा आणताना जुना हातात घेऊन दुकानात जा. ९ वॅटमध्येच दोन जाती आहेत. दोन पिनांच्या दिव्याच्या बुडात स्टार्टर असतो, चार पिनांचा इलेक्ट्रॉनिक चोकवर चालतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

बदलण्याची रीत अशी. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं निवू द्या. दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून पाइप सोडवा आणि आतलं पाणी बादलीत ओता. डोक्याचा नट हाताने फिरवा, पकड लावू नका. दिवा सरळ रेषेत बाहेर ओढा, मग क्वार्ट्झची नळी. तिच्यावर पांढुरका थर दिसेल. महापालिकेचं नळाचं पाणी मऊ असल्याने तो पातळ असतो, पण ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं तिथे दोन महिन्यांत नळी दुधी होते. मग नवा दिवा घालूनही उपयोग शून्य, कारण थर प्रकाश गिळतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, नळी वीस मिनिटं त्यात ठेवा, मऊ कापडाने पुसा, धुवा. तारेची घासणी अजिबात नको, चरे पडतात. नळी तडकली तर जागी साधी काचेची नळी बसवू नका, साधी काच यूव्ही-सी अडवते.

नवा दिवा सुती हातमोज्याने धरा. बोट लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्या. ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) चीर असेल तर बदला आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावा. घरातलं व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत गळती सुरू होते. सगळं जोडल्यावर दिव्याचा प्लग न लावता फक्त पंप अर्धा तास चालवा आणि नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच प्लग लावा.

जुन्या दिव्यात पारा असतो, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. हातातून पडून फुटलाच तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलांना बाहेर. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवला तर पारा खोलीभर पसरतो.

प्रश्न : टाकीत नुसता बुडवायचा यूव्ही दिवा स्वस्तात मिळतोय. एलईडीचाही आहे. घ्यावा का? घरात पाच वर्षांचं मूल आहे. (वाचक, दादर)

उघडा दिवा घेऊ नका. मूल आहे म्हणून तर नाहीच. यूव्ही-सीकडे थेट पाहिलं की त्या क्षणी काहीच वाटत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. असं झालं तर डोळे चोळू देऊ नका, घरात पडून असलेलं जुनं डोळ्यांचं औषध घालू नका, नेत्रतज्ज्ञांकडे न्या. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण वाट बघत बसू नये. उघडा दिवा पाण्यातल्या माशांच्या डोळ्यांना, वनस्पतींना आणि प्लॅस्टिकलाही इजा करतो.

पाण्यात बुडवायचं युनिट हवंच असेल तर दिवा काळ्या बंद कवचात असलेलं आणि स्वतःचा पंप असलेलं घ्या. चालू असताना कुठल्याही कोनातून दिव्याची नळी दिसता कामा नये. छोट्या खिडकीतून नुसती निळी झाक दिसली तर हरकत नाही.

एलईडी घेताना खोक्यावरची तरंगलांबी वाचा. २६५ ते २८० नॅनोमीटर असेल तर तो जंतुनाशक. ३९५ किंवा ४०५ लिहिलं असेल तर तो जांभळा शोभेचा दिवा आहे, त्याने शेवाळ मरत नाही. आकडाच नसेल तर वस्तू दुकानातच राहू द्या.

प्रश्न : यूव्ही असेल तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायची गरज नाही असं ऐकलं. (वाचक, भांडुप)

गरज आहे. क्लोरीन फोडायला जंतू मारण्यापेक्षा कितीतरी पट मोठा मारा लागतो, घरच्या ९ वॅटचं ते काम नव्हे. पाणी बादलीत हवेचा दगड लावून चोवीस तास ठेवा, किंवा हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे) वापरा. तूरडाळीच्या दाण्याएवढा एक खडा १० लिटरला पुरतो, आधी विरघळवून घ्या.

प्रश्न : चोवीस तास चालवलं तर बिल किती येईल? आणि वीज गेली तर? (वाचक, घाटकोपर)

९ वॅटचा दिवा चोकसकट ११ वॅट धरा, महिन्याला सुमारे ८ युनिट. सोबत ५ वॅटचा वेगळा पंप असेल तर त्याचे साडेतीन. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा.

वीज गेल्याने नुकसान नाही. नुकसान होतं ते पंप बंद पडून दिवा चालू राहिला तर. कोंडलेलं पाणी तापतं, त्या उष्णतेने युनिटची रबरी सील बिघडू शकतात आणि मग पाणी थेट विजेच्या जोडणीपर्यंत पोचू शकतं. म्हणून पंप आणि दिवा एकाच बोर्डावर, एकाच बटणावर ठेवा. वायर सॉकेटकडे जाताना तिला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगच्या घरात, यूव्ही आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. टाकीत हात घालताना तरीही दोन्ही प्लग काढायचे.